झोक्यावरचं इंग्रजी

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे, आणि त्यातून सांगणारा मी. पण एक सोय आहे. ज्यांची गोष्ट, ते पाणिग्राही सर हे काय समोर बसलेत, मुढीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, कागदी ठोंगा मांडीवर घेऊन. एक अक्षर जरी खोटं निघालं तर त्यांनी मला इथल्या इथं टोकावं. टोकाल ना, सर? बघा, मान हलवली. तोंडात मुढी आहे म्हणून बोलत नाहीत. एरवी त्यांचं वाक्य सुरू झालं की माणसानं मोतीगंज बाजारात जावं, मासे निवडावेत, घासाघीस करावी आणि परत यावं; तेव्हा कुठं सर स्वल्पविरामापाशी पोचलेले असतात.

बँकबाबू, तुम्ही बालेश्वरात नवे, म्हणून सांगतो. सर प्राणिशास्त्र शिकवतात. त्यातही एकाच प्राण्यावर त्यांचा जीव. पाठ घोड्याच्या नालेसारखी, मागं भाल्यासारखी शेपटी, आणि तोंड कुठं आहे ते त्यालाही विचारून घ्यावं लागतं. मी आपला त्याला नालखेकडा म्हणतो. आमच्या चांदीपूरच्या चिखलात तो सापडतो, पण कधीमधी, एखाददुसरा, पाहुण्यासारखा. त्याचा चुलतभाऊ राहतो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. तिथं म्हणे उन्हाळ्याच्या सुरुवातीला पौर्णिमेची भरती आली की हे चुलतभाऊ हजारोंनी वाळूत चढतात, अंडी घालायला. सरांनी जन्मभर ही जत्रा फोटोत पाहिली. एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, एवढी एकच इच्छा. लोक काशीला जायचं म्हणतात, सर त्या किनाऱ्याला.

आणि निवृत्ती दोन पावलांवर आली असताना तिथल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं. पुढल्या वर्षी या, पाहुणे अभ्यासक म्हणून राहा, खेकडे मोजा. बोलावणारी बाई, डॉक्टर लिंडक्विस्ट, स्वतः त्याच प्राण्यावर म्हातारी झालेली. सरांनी ते पत्र आख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. पत्राच्या तळाशी एक बारीक ओळ होती, ती मात्र वाचून दाखवली नाही. पाहुण्याला इंग्रजीत काम भागवता येतं याचा पुरावा जूनअखेर पाठवावा. त्याखेरीज व्हिसाचे कागद निघणार नाहीत.

पुरावा! सर ज्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले तिचा पुरावा! सरांच्या इंग्रजीवर आजवर एकाही विद्यार्थ्यानं शंका घेतली नव्हती. शंका यायला आधी थोडं तरी कळावं लागतं. सरांनी तिथल्या कचेरीतल्या ब्रेंडाबाईंना असं खरमरीत उत्तर लिहिलं की त्यात तीनदा 'तथापि' होतं आणि एकदा न्यूटन. ब्रेंडाबाईंचं उत्तर आलं, "किती छान पत्र! आता कृपया पुरावा पाठवा." सोबत तीन वाटा सांगितल्या. एक, शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा संस्थेचा दाखला. दोन, संगणकावरची परीक्षा. तीन, समितीसमोर व्हिडिओवर मुलाखत.

इथं सनातन जेनाबाबू प्रवेश करतात. सरांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. वीज मंडळातून निवृत्त. नोकरीत असताना लोकांना वीज दिली नाही तेवढी निवृत्तीनंतर अक्कल दिली.

"सर, दाखला म्हणजे हातचा मळ," जेनाबाबू भिंतीवरून म्हणाले. "उगाच परीक्षाबिरीक्षा कशाला? तुमचीच संस्था, तुमचाच शिक्का."

सरांना पटलं. कॉलेजच्या कचेरीतल्या बाबूनं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली.

"आज्ञा सर, उद्याच देतो. फक्त दाखला ओडियात मिळेल. सगळा कारभार मातृभाषेत करायचा, असा वरून आदेश आहे."

"अरे पण मला इंग्रजी येतं असं लिहायचंय त्यात!"

"लिहू की सर. ओडियात लिहू. अगदी ठासून लिहू."

आणि लिहिलं हो! काय ते अक्षर, गोल गोल, जसे काही छेनापोडा मिठाईचे तुकडे मांडलेत. सरांनी ते अमेरिकेला धाडलं. ब्रेंडाबाईंनी कळवलं, "अक्षर फारच देखणं आहे. आमच्या कचेरीत सगळ्यांनी पाहिलं. एकानं भिंतीवर लावायला मागितलंय. यात काय लिहिलंय?" भाषांतर पाठवा म्हणाल्या, पण सरकारमान्य भाषांतरकाराचं, स्वतः केलेलं चालणार नाही.

कोर्टाच्या आवारात एक भाषांतरकार बसतात. मोठे सज्जन गृहस्थ. फक्त एवढंच, की उभ्या जन्मात त्यांनी जमिनीच्या खरेदीखतांखेरीज कशाचंही भाषांतर केलेलं नव्हतं. हात तसाच वळणार! त्यांनी इंग्रजीत लिहून दिलं त्याचा मतलब असा: सदर बनमाली पाणिग्राही हे सदर इंग्रजी भाषेच्या ताब्यात वडिलोपार्जित हक्कानं, झाडंझुडपं व विहिरीच्या पाण्यासह, निर्वेध वहिवाट करीत असून त्यावर कुणा तिऱ्हाइताचा बोजा नाही.

ब्रेंडाबाईंचं उत्तर जरा उशिरा आलं. समितीनं कागद दोनदा वाचला, म्हणाल्या. सगळ्यांना कुतूहल वाटलं. पण विहिरीचा उलगडा झाला नाही. आपण दुसरा मार्ग घ्यावा.

सरांनी दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं. कुंतला, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाली (आख्खी गल्ली मला अजा म्हणते, म्हणजे आजोबा), "अजा, घरात कधी नव्हे ती शांतता आहे. अमेरिकेचे उपकार झाले."

दुसरा मार्ग म्हणजे परीक्षा. बँकबाबू, हसू नका. पन्नाशी उलटलेला माणूस परीक्षेला बसतो तेव्हा गावाला काय पर्वणी असते ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास गावात एकच, तो कुणाचा? सुदाम महालिकचा. ज्याला सरांनी प्राणिशास्त्रात लागोपाठ दोनदा नापास केलं होतं, त्याचा.

सुदाम पाया पडला. मग सरांना पहिल्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, "सर, राग मानू नका. तुमचं इंग्रजी थोर आहे, पण ते संगमरवरी आहे. परीक्षेला प्लास्टिकचं लागतं. हलकं, धुऊन वापरता येईल असं."

"मी माझी भाषा बदलणार नाही, सुदाम."

"बदलू नका, सर. फक्त वाक्य मधेच थांबवत जा. दम लागल्यासारखं."

महिनाभर सर दम लागल्यासारखं बोलायला शिकले. शेवटी शेवटी छान जमायला लागलं होतं. कुंतलानं डॉक्टरांना बोलावलं, इतकं जमलं होतं.

परीक्षेचा दिवस आला तो मे महिन्यातला. ऊन असं, की कावळे सावलीला चोच टेकून उभे. सकाळीच जेनाबाबू हजर. "सर, रिकाम्या पोटी जाऊ नका. डोकं तापलं की इंग्रजी आधी वितळतं. पखाळ खाऊन जा. डोकं बर्फासारखं राहील."

पखाळ म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल आता. पाण्यात भिजून आंबलेला गार भात, वर दही, कच्चा कांदा, बाजूला तळलेला मासा. कुंतलानं वाढला, सर जेवले. जेनाबाबू म्हणाले, "आणखी थोडा." सर आणखी थोडा जेवले. आता माझं म्हणणं एवढंच आहे, की पखाळ खाऊन जागा राहिलेला ओडिया माणूस अजून जन्माला यायचाय. राजे राहिले नाहीत, सैन्यं राहिली नाहीत. सर तर प्राध्यापक. त्यात परीक्षेची खोली थंडगार, खुर्ची मऊ, कानांवर उशीसारखे हेडफोन, आणि त्यातून एक बाई हळू आवाजात सांगतेय, की ग्रंथालय सोमवारी किती वाजता उघडतं. अंगाई वेगळी काय असते हो?

सर झोपले. ऐकण्याचा भाग झाला, झोपेत. वाचायचा भाग झाला, झोपेत. मग आला बोलण्याचा भाग. पडद्यावर प्रश्न: आपल्या आवडत्या जागेचं वर्णन करा. तांबडा दिवा लागला, यंत्र ऐकू लागलं आणि सर घोरू लागले. शेजारी परीक्षा देणाऱ्या मुली म्हणतात, घोरणंसुद्धा साधं नव्हतं. त्यात उपोद्‌घात होता, विस्तार होता, उपसंहार होता.

निकाल आला. ऐकणं: शून्य. वाचन: शून्य. बोलणं मात्र यंत्रानंच तपासलं होतं. त्यानं शेरा दिला: "बोलण्याचा वेग समतोल. कुठंही अडखळत नाही. उच्चार थोडे अस्पष्ट." निम्मे गुण!

"शक्य आहे," बँकबाबू म्हणाले. "यंत्राचं काय सांगता येतं?"

बघा! शिकलेला माणूस कसा लगेच ओळखतो. सर, तुम्हाला काही म्हणायचंय? नाही. मुढी घ्या.

तर राहिली तिसरी वाट. मुलाखत. जून उजाडला होता आणि महिनाअखेर सगळं बंद होणार होतं. ब्रेंडाबाईंनी एक दिवस सुचवला, सकाळ त्यांची आणि संध्याकाळ आमची. सरांनी उतावळेपणानं 'होय' कळवून टाकलं, पंचांग न बघता. कुंतलानं पंचांग बघितलं आणि कपाळावर हात मारला. रजपर्वाचा मधला दिवस!

रजाचे तीन दिवस म्हणजे धरणीमातेची विश्रांती. नांगर नाही, कुदळ नाही. आणि जी धरणीला सुट्टी तीच घरच्या लक्ष्मीला. बायकांनी नवी साडी नेसायची, पान खायचं, झोके घ्यायचे. चुलीशी पुरुषांनी मरायचं.

"ऐकलंत का," कुंतला म्हणाली, "समिती असो नाहीतर गव्हर्नर असो, त्या दिवशी मटण तुम्ही करायचंय. मी काडी उचलणार नाही."

"अगं, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"मग त्यात मीठ बघून घाला."

सरांनी मटण मंद आचेवर चढवलं, कोट चढवला, सुदामनं पाठ करून घेतलेली दम लागणारी वाक्यं पुटपुटली आणि संगणकासमोर बसले. अंगणात आंब्याला झोका बांधलेला, जेनाबाबूंनीच बांधून दिलेला. त्याच फांदीवरून इंटरनेटची वायर घरात आलेली. सगळं यथास्थित. पण वीज मंडळात आयुष्य गेलेला माणूस चालू असलेली गोष्ट बघून गप्प कसा बसेल? जेनाबाबूंना वाटलं, झोक्याचा दोर एकदा पारखून घ्यावा. म्हणून ते स्वतः बसले. जेनाबाबू पाहिलेत ना तुम्ही? ते बसले, फांदी नमली, आणि तट्‌कन आवाज झाला. फांदी टिकली, दोर टिकला. वायर गेली.

घरात सरांचा पडदा काळा. सर मोबाइल घेऊन बाहेर धावले. अंगणात सिग्नलचा पत्ता नाही, विहिरीपाशी नाही, तुळशीपाशी नाही. इकडं कुंतला मजेत झोका घेतेय, तोंडात पान. वरूनच ओरडली, "ऐकलंत का, इथं भिंतीच्या वर आलं की माझ्या मोबाइलला सिग्नल येतोय! मागं गेलं की जातोय!"

सरांनी एकदा आकाशाकडं पाहिलं.

"उतर," म्हणाले.

"उतरते. पण ढकलणार नाही. रजाला बायका कामं करत नाहीत."

मग ढकलायला कोण? जेनाबाबू. चूक त्यांचीच होती, आणि हौसही.

आता चित्र डोळ्यांपुढं आणा. झोक्यावर कोट घातलेले सर, एका हातात दोर, एका हातात मोबाइल. मोबाइलमध्ये तीन तोंडं: लिंडक्विस्टबाई, ब्रेंडाबाई आणि भाषाविभागाचे एक दाढीवाले. दाढीवाल्यांनी विचारलं, इथं येऊन आपल्याला काय करायचंय? झोका पुढं गेला: "मला पौर्णिमेच्या भरतीला..." झोका मागं आला, सिग्नल गेला. झोका पुढं: "...त्यांची अंडी, जी अत्यंत..." मागं. समितीला ऐकू काय गेलं असेल? पौर्णिमा, अंडी, अत्यंत. दाढीवाल्यांनी लिहिणं थांबवलं. पडदा चमकला तेव्हा सरांना ते दिसलं. सगळं आयुष्य त्या थांबलेल्या पेनावर येऊन ठेपलं होतं हो!

आणि तशात मागून जेनाबाबूंचे सल्ले. "सर, हवामानाचं बोला! गोऱ्यांना हवामान आवडतं! हसा, सर, दात दाखवा!" आणि तशात कुंतला पायरीवरून, पान चघळत, "मटण लागलं वाटतं. वास येतोय. मी आपलं सांगितलं. बघणार नाही."

मग सरांचा स्फोट झाला. आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे शिकलेला माणूस माया करतो मातृभाषेत, देवाशी बोलतो संस्कृतात, पण संताप मस्तकात गेला की त्याला फुटतं इंग्रजी. हे कुणी शिकवत नाही. सुदाम तर नाहीच नाही. सर झोक्यावर मागं वळले आणि जेनाबाबूंवर जे इंग्रजी कोसळलं, ते संगमरवरी, अखंड, विना-दमाचं. त्याचा मतलब असा, की "महाशय, आपल्या अनाहूत आणि अविरत सल्ल्यांच्या ज्या वर्षावाखाली माझा दाखला वाहून गेला, माझी परीक्षा बुडाली आणि आता माझ्या उभ्या आयुष्याचं एकमेव स्वप्न एका आंब्याच्या फांदीला लटकून अखेरचे आचके देत आहे, त्याबद्दल आपली मानवजातीत गणना करावी की नैसर्गिक आपत्तीत, हे माझ्यासारख्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकालाही ठरवता येत नाही!"

जेनाबाबू ऐकून घेतील? जन्मभर वीज मंडळाची उत्तरं लिहिलेला माणूस. त्यांनी पुढं धावत जाऊन झोका वरच्या वर पकडला, दोर घट्ट धरला, सरांना डोक्यावर अधांतरी तोलून धरलं आणि इंग्रजीतच सुरू झाले. "आपला आरोप प्राप्त झाला. मुद्देनिहाय खुलासा पुढीलप्रमाणे. मुद्दा पहिला, दाखल्याबाबत..."

कळलं का तुम्हाला काय झालं ते? जेनाबाबूंनी झोका जिथं धरून ठेवला, तिथं सिग्नल पूर्ण होता! समितीला एक शब्द न गळता सगळं ऐकू जात होतं. सर वरून, जेनाबाबू खालून. सरांनी नालखेकड्याचा दाखला दिला, की तो डायनासोरच्या आधीपासून टिकला कारण त्याच्या शेजारी जेना नव्हते. जेनाबाबूंनी नियम दाखवला, की फांदी सामायिक असल्यानं नुकसानीची जबाबदारी अर्धी-अर्धी. मटणाचा कोळसा झाला तरी दोघं थांबेनात. शेवटी मोबाइलमधून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा सरांना आठवलं, की आपण मुलाखतीत आहोत.

ते घरात जाऊन तोंडावर पांघरूण घेऊन निजले. कुंतलानं पहिल्यांदा रजाचा नियम मोडला. चहा करून दिला.

"जाऊ द्या," म्हणाली, "चांदीपूरला येतो तो एखाददुसरा बघू आपण. मी येईन सोबत."

"एखाददुसरा," सर पांघरुणातून म्हणाले. बस, एवढंच. एवढं छोटं वाक्य त्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. समितीचा निर्णय एकमुखी. दाढीवाल्यांनी लिहिलं होतं, की असं इंग्रजी आमच्याकडे आता उरलेलं नाही. या गृहस्थांना लवकर पाठवा, विद्यार्थी ऐकतील तरी. सर पुरावा देऊन पास!

पण निरोपाला दुसरं एक पान होतं. "सोबतच्या दुसऱ्या उमेदवारांचं, श्रीयुत जेना यांचंही इंग्रजी समितीनं तपासलं. तेही पास आहेत. मुद्देसूदपणासाठी त्यांना अर्धा गुण जास्त."

अर्धा गुण जास्त! अर्जबिर्ज काही न करता! जेनाबाबूंनी ते पान चौकटीत घालून जगन्नाथाच्या तसबिरीशेजारी लावलंय, जाऊन बघा. सरांना अमेरिका मिळाली, पण तो अर्धा गुण अजून सलतो. परवाच म्हणत होते, "अजा, मुद्देसूद? तो माणूस?"

"मग गेले का सर? पाहिली का ती जत्रा?" बँकबाबूंनी विचारलं.

गेले म्हणजे? यंदाच्याच उन्हाळ्यात जाऊन आले. ऐका. पौर्णिमा. सांजेची भरती. एका बाजूला लिंडक्विस्टबाई, मधे सर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाणी चढतंय, वाळू रिकामी. एक नाही, दोन नाही, काहीच नाही. समुद्रात नुसत्या काळ्या पाठी दिसतात, पण किनाऱ्याकडं कुणी वळेना. सरांचा जीव कासावीस. जन्म गेला, समुद्र ओलांडला, जेना सहन केला, तो याच्यासाठी? शेवटी सर दोन पावलं पाण्यात गेले आणि आपल्या त्या संगमरवरी इंग्रजीत म्हणाले, "आदरणीय पाहुण्यांनो, कृपया किनाऱ्यावर यावं." कुणी हललं नाही. पुन्हा म्हणाले, दम लागल्यासारखं. तरी नाही. तेव्हा मात्र इंग्रजी गेलं कुठल्या कुठं. लेकरांना हाक मारावी तसे आपल्या ओडियात म्हणाले, "या रे बाबांनो, या! बालेश्वराहून आलोय मी!" आणि काय सांगू, तुमची शपथ, ती हाक कानांवर पडताच सगळ्या खेकड्यांनी एकदम माना वळवल्या आणि हजारोंनी, लाखांनी...

"खोटं!"

पाणिग्राही सरांनी मुढीचा ठोंगा बाकावर आपटला होता. मुढी सगळीकडं उधळली होती. सर उभे राहिले होते, लालबुंद.

"साफ खोटं, अजा! विहिरीसकट विकलंत मला, मी गप्प बसलो. परीक्षेत घोरवलंत, झोक्यावर चढवलंत, त्या जेनाला अर्धा गुण जास्त दिलात, तेही गिळलं. पण ते हजारोंनी आले ते आपणहून आले, भरतीबरोबर आले, मी तोंडातून शब्द काढायच्या आत आले! मी रडत होतो, बोलणार कुठून? आणि त्यांना कान नसतात! मान तर नसतेच नसते! आणि किती वेळा सांगू तुम्हाला, तो खेकडा नाहीच, तो कोळी-विंचवांच्या कुळातला आहे!"